धाकट्याच्या सुखाचं माप

दुकानातून,
बुधवार, गिऱ्हाईक नसलेली वेळ

तीर्थरूप ताईस,

तुझ्या दोन भावांपैकी थोरल्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा नमस्कार कागदावरच घालतोय, मनाने पूर्ण आडवा आहे असं समज.) तुझा खोकला गेला का? भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना सांग, पँट तयार आहे. गेल्या खेपेच्या मापाने शिवली आहे. पोट गेल्या खेपेच्या मापाचं राहिलं नसेल तर त्याला मी जबाबदार नाही. इकडे आम्ही सगळे सुखात आहोत. किती सुखात, हे तर आता छापील कागदावर मोजूनच झालंय, आणि त्याबद्दलच हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस.

मूळ मुद्दा आधी सांगतो, मग फाटे फोडतो. आपला धाकटा ज्या केंद्रात रोज बेकरीची खोकी दुमडून तयार करायला जातो, त्या केंद्राने दोन गल्ल्या सोडून एक घर घेतलंय. ज्यांची समज धाकट्यासारखीच सावकाश चालते असे चौघं मोठे लोक तिथे राहतात, सोबतीला एक मदतनीस असतो. त्यातला एक मध्यंतरी भाचीकडे राहायला गेला, तेव्हा एक खाट रिकामी झाली. आपल्या धाकट्याला तिथे जायचंय. दोन वर्षं म्हणतोय. (हे तुला बोललो नव्हतो वाटतं. राहून गेलं असेल.) खाट महिनाअखेरपर्यंत राखून ठेवणार, नंतर यादीतल्या पुढच्याला. आईने जाताना कागदांवर पालक म्हणून तुझं नि माझं, दोघांचं नाव घातलं, त्यामुळे सह्याही दोघांच्या लागतात. माझं मत सरळ होतं. स्वतःचं घर असताना दुसरं घर कशाला? एक्केचाळीस वर्षांत पोरगं कधी दुसऱ्या छपराखाली झोपलं नाही. (पोरगं म्हणू नका, असं मला गेल्या आठवड्यात सांगण्यात आलंय. सांगणारी पुढे येतेच आहे.)

तर केंद्राने ठरवलं की आपल्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांचं जगणं कसं चाललंय ते एकदा नीट मोजायचं. त्यासाठी एक बाई नेमली. पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत प्रश्नांचा गठ्ठा. मी नुसतं मोजणीबाई म्हणतो. दुकानाच्या पायरीवर उभी राहून माझ्याकडे बघून हसली आणि मला ओलांडून धाकट्याला म्हणाली, "नमस्कार. तुम्हाला वेळ आहे का?" ताई, तुम्हाला! धाकट्याने मागे वळून पाहिलं, मागे कोण उभं आहे ते. मागे पुतळ्यावर घातलेला कोट होता. मग त्याच्या लक्षात आलं की तुम्ही म्हणजे तोच, आणि त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं. आजवर इतक्या लोकांना मी बटणं लावून दिली, पण एवढ्या ऐटीत लावलेलं बटण पाहिलं नव्हतं.

बाईंचा नियम असा, की ज्याचं जगणं त्यानेच उत्तर द्यायचं, घरच्यांनी शेजारी बसायचं नाही. घरच्यांसाठी वेगळा कागद, तेच प्रश्न, पण "तुम्हाला काय वाटतं" म्हणून. माझा कागद मी शर्टाच्या दोन कफांच्या मध्ये पाव तासात भरून मोकळा झालो. अडणार कुठे? वीस वर्षं मी त्याला सांभाळतोय, त्याच्या पोटातलं मला त्याच्याआधी कळतं, अशा घमेंडीत खुणा मारत गेलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते तेव्हा कळत नाही.

जागा कुठली, ती धाकट्याने निवडली. दुकानातच, मागे, कपडे घालून बघायच्या पडद्याआड. आता माझे कान तुला ठाऊक आहेत. दुसऱ्याच्या पायरीवर उसनं मशीन टाकून मी सुरुवात केली, ती तोंडात टाचण्या धरून. तोंडात टाचण्या असल्या की माणूस बोलू शकत नाही, नुसता ऐकतो, आणि गिऱ्हाईक दोन्ही हात आडवे करून उभं राहिलं की काहीही बोलतं. या गावची निम्मी लग्नं आणि सगळी भांडणं मी अशीच ऐकली. त्या पडद्याला माझ्यापासून काही लपवायची सवयच नाही. फक्त मशीन थांबलं असतं तर बाईंना कळलं असतं, म्हणून मी पाय चालू ठेवला आणि कान पडद्यात घातले. परिणामी बेकरीवाल्याच्या नव्या पँटची डावी मोहरी, म्हणजे जिथून पाऊल बाहेर येतं ती जागा, मी आरपार शिवून बंद केली. दुहेरी टाका. त्याने घालून पाहिली तेव्हा पाऊल आत अडकलं आणि तो पुतळ्याला मिठी मारून उभा राहिला. पण ते नंतर.

पहिला दणका कपड्यांवर बसला. कपडे कोण निवडतं? मी कागदावर लिहिलं होतं, तोच निवडतो. (मी शिवतो, तो घालतो, कधी तक्रार नाही, म्हणजे निवडतोच की.) पडद्याआडून आवाज आला, "दादा शिवतो. निळा. सगळे निळे." आणि लगेच, "मला समोरच्या दुकानातला पाहिजे. चेनवाला." ताई, समोरच्या दुकानातला! तयार कपड्यांचा! त्या माणसाला टाका आणि टाचणी यातला फरक कळत नाही, त्याचा माल माझ्या सख्ख्या भावाला हवा, आणि त्यात चेन! बटणांशी त्याचं काय वैर आहे म्हणून धाकट्याची बोटं डोळ्यांपुढे आणली तेव्हा आठवलं, त्याला काज सापडायला वेळ लागतो. रोज सकाळी बटणं मी लावतो. लहानपणापासून लावतोय, त्यामुळे ती त्याला सहज जमत नाहीत हे मी विसरूनच गेलो होतो.

पुढे विचारलं, मित्र आहेत का? मी लिहिलं होतं, आम्हीच. त्याने तिघे सांगितले. एक चष्मेवाला, एक ढगळ पँटवाला (ती मी शिवलेली नाही) आणि खोक्यांवर लेबलं लावणारी एक बाई, जिच्याबद्दल त्याने बरंच काही सांगितलं आणि मोजणीबाईंनी ते कुठल्या रकान्यात लिहू असं विचारलं. चष्मेवाला आणि ढगळवाला त्याच चौघांच्या घरात राहतात. एकटे बाहेर जाता का? मी लिहिलं होतं, छे, रस्ता ओलांडता येत नाही. तो म्हणाला, "रोज जातो. दादा झोपला की. बेकरीत. लाल दिव्याला थांबतो." मी पाय चालू ठेवूनच बायकोकडे पाहिलं. ती काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "चार वर्षं झाली. दुपारी तुम्ही घोरता." बेकरीवाल्याला ठाऊक, समोरच्या तयारवाल्याला ठाऊक, सगळ्या गल्लीला ठाऊक. गावचं सगळं ऐकणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घराच्या पायरीवरून माणूस उतरतो, आणि त्याला पत्ता नाही.

शेवटी बाईंनी पाच चेहऱ्यांचा तक्ता काढला. एका टोकाला रडका, दुसऱ्या टोकाला दात दाखवणारा. यातले तुम्ही कोणते? मी डोळे झाकून दातवाल्यावर फुली मारली होती. धाकट्याने पाचही चेहरे मोठ्याने मोजले. मग म्हणाला, "केंद्रात हा. जेवताना हा. रविवारी हा." तीन वेगवेगळे. बाई म्हणाल्या, एकच सांगा ना. तो म्हणाला, "एकच कसा? रविवार वेगळा असतो." मी पडद्यातून पाहिलं (फट आहे, दुरुस्त करीन), रविवारसाठी त्याने रडक्याच्या शेजारच्यावर बोट ठेवलं होतं. ताई, रविवारी आम्ही दोघं दिवसभर बरोबर असतो.

मोजणीबाई गेल्यावर मी जरा तणतणलो. म्हटलं, अशा परक्या बाईला काय कळतं, मी वीस वर्षं त्याच्या सोबत. बायको दोरा तोडत म्हणाली, "गिऱ्हाईक समोर उभं असताना तुम्ही त्याच्या बायकोला कंबर विचारता का?" मी म्हटलं, कधीच नाही, बायका दोन इंच कमी सांगतात. ती म्हणाली, "मग?" आणि काजं करू लागली. तुला ठाऊक आहे, तिला जास्त बोलायची सवय नाही. त्यामुळे जे बोलते ते दोन दोन दिवस टोचतं.

दोन दिवस टोचलं. तिसऱ्या दिवशी मी ते घर बघायला गेलो, भिंतींना ओल आहे का, जिन्याला कठडा आहे का, काहीतरी खोट सापडावी म्हणून. कठडा होता. चष्मेवाल्याने दार उघडलं, माझी चौकशी केली आणि रिकामी खाट दाखवली. खाटेवर एक उशी होती, तिच्यावर चिठ्ठी डकवलेली, आणि चिठ्ठीवर आपल्या धाकट्याचं नाव. म्हटलं, हे कुणी लावलं? म्हणाला, "त्यानेच. मागच्या वर्षी. खाट रिकामी नव्हती तेव्हा उशी माझ्या कपाटात होती." मी परत आलो. संध्याकाळी दुकान आवरताना धाकटा नेहमीसारखा लोहचुंबक घेऊन जमिनीवरच्या टाचण्या वेचत होता. एकही सोडत नाही, फळीखालच्यासुद्धा. टाचण्या काय, मी वेचीन. पण त्या वेळी तो दिवसभराचं सांगतो, आणि मी हूं हूं करतो, त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

असो. फॉर्म सोबत जोडला आहे. माझी सही केली आहे. तुझी राहिली. शिकलेली आहेस, वाचूनच करशील. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि खोकल्याला कोमट पाणी.

तुझा,
थोरला

ता. क. वर एक गोष्ट गाळली. ती तू बसली असशील तर वाच. बाई प्रत्येक प्रश्नाला जोडून विचारायच्या, हे कोण ठरवतं? धाकट्याचं उत्तर दर वेळी एकच. "ताई." चेनवाला शर्ट का नाही? ताईला आवडत नाही. बाजारात एकटं का नाही? ताई ओरडेल. त्या घरी का गेला नाहीत? ताई नको म्हणाली. बाई म्हणाल्या, ताई इथेच राहतात का? "नाही. लांब. आगगाडीने." काही माणसं सगळ्यालाच हो म्हणतात, ती ओळखायला त्या मध्येच एक खोटा प्रश्न टाकतात. तुम्ही विमान चालवता का? धाकटा म्हणाला, "नाही. ताईला विचारावं लागेल."

आता तू तर त्याला आजवर कशालाही नाही म्हटलेलं नाहीस, कारण तुला कुणी काही विचारलंच नाही. ताई, त्याच्या तोंडावर नाही म्हणणं मला जमत नाही. चेहरा असा पडतो, की दिवसभर टाका सरळ येत नाही. म्हणून वीस वर्षं बंदूक माझी आणि खांदा तुझा. फोनवर बोलायला तो येत नाही तेव्हा मी म्हणतो, झोपलाय. तो झोपलेला नसतो. शेजारीच बसलेला असतो आणि नको म्हणून मान हलवतो.

ता. क. दुसरा. शुक्रवारपर्यंत तुला केंद्राचं आधीच निघालेलं पत्र येईल. त्यात "लांब राहणाऱ्या थोरल्या भगिनींचा दैनंदिन निर्णयांवर फार ताबा" असं काहीसं असेल, आणि पालकांनी हात सैल कसा सोडावा या विषयावरच्या तीन व्याख्यानांचं आमंत्रण. रागावून त्यांना उत्तर लिहू नकोस. खरं काय ते मी काल जाऊन सांगून आलोय. व्याख्यानांना आता माझं नाव घातलंय. पहिल्या रांगेत.

ता. क. तिसरा आणि खरा. काल चहाच्या वेळी मी धाकट्यालाही सगळं सांगितलं. ताई कधीच नाही म्हणाली नव्हती, मीच म्हणायचो. त्याने कप खाली ठेवला, उठला, आणि "दादा खोटं बोलला" हे आधी वहिनीला, मग बेकरीवाल्याला, मग समोरच्या तयारवाल्याला जाऊन सांगून आला. (लाल दिव्याला थांबला. मी बघत होतो.) परत येऊन म्हणाला, "मग ताई काय म्हणते?" मी म्हटलं, अरे, तिला अजून विचारलंच नाही. तो म्हणाला, "मग विचार."

म्हणून विचारतोय. तुझं काय म्हणणं आहे? उत्तर मला नको, त्याला लिही. मोठ्या अक्षरात, पहिल्याच ओळीत. पाकिटावर त्याचंच नाव घाल. पोस्टमनला त्याने आज सकाळीच गाठून सांगितलंय, की माझं पत्र येईल, ते दादाच्या हातात द्यायचं नाही.