बॅकप्लेटचा शेवटचा काप

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कुलपे व शिवणयंत्रे दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हात ठिकाणावर असल्याचा दाखला कलम पाचमधली बॅकप्लेट देईल.

१. राहत्या दोन खोल्या, मागचे वर्कशॉप व बँकेतली शिल्लक माझ्या भाचीस, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीस मिळावी. या घरात वस्तू जागच्या जागी ठेवणारी ती एकटीच आहे.

२. शेजारच्या शिंपीदादांना माझी चांगली कात्री द्यावी. ती त्यांचीच आहे. सहा वर्षांत त्यांनी एकदाही मागितली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

३. लेथ, म्हणजे धातू कातायचे यंत्र, तेही भाचीस. आप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या पश्चात वाटणी झाली तेव्हा लेथ मला आणि काम पकडणारा त्याचा तीन जबड्यांचा चक धाकट्याला, असा न्याय आम्ही दोघांनी मिळून केला. समसमान म्हणे! चक काय उशाला घेऊन झोपणार आहेस, असे मी त्याला चारचौघांत विचारले. त्याने रागाने चकामागची जुनी बॅकप्लेट भंगारात घातली. तेव्हापासून नऊ वर्षे अबोला आहे. चूक निम्म्याहून जास्त माझी होती. तोंडाने सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून कागदावर लिहिते.

४. लेथच्या स्पिंडलवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, चक बसवायचा तर मध्ये बॅकप्लेट लागते. ती मी बिडाची नवी करायला घेतली. पहिलीला आटे पाडले आणि गरम असतानाच स्पिंडलवर फिरवून पाहिली. गार झाल्यावर ती अशी आवळली की करवतीने कापून काढावी लागली. सध्या तिचा मोठा तुकडा दार मिटू नये म्हणून टेकण लावून ठेवला आहे. तो धाकट्याला द्यावा. ताई कधी चुकतच नाही, असा तो टोमणा मारायचा. त्याला पुरावा मिळेल.

५. दुसरी प्लेट चोख झाली आहे. चकाच्या पाठीतल्या गोल खाचेत बसणारा तिचा उंचवटा तेवढा मापाला आणायचा आहे, आणि ती खाच धाकट्याच्या घरी आहे. म्हणून उंचवटा जरा मोठाच ठेवला आहे. माझ्या पश्चात भाचीने बापाकडून चक मागावा, माप घ्यावे व शेवटचा काप याच लेथवर घ्यावा. दुसऱ्या लेथवर घेतला तर चक डुगडुगेल. ते पाहायला मी नसेन, याचे वाईट वाटते.

पुरवणी, त्याच दिवशी: दुसरा साक्षीदार म्हणून भाचीने बापालाच आणले. त्याने उभ्याउभ्या सगळे वाचले, कलम चारला हसू दाबले आणि सही न करताच निघून गेला. अर्ध्या तासाने तो परत आला तेव्हा काखेत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला चक होता.

"ताई, आधी माप घे," तो म्हणाला. "मरायचं नंतर बघू."

तीन काप घेतले. तिसऱ्याला चक हाताच्या दाबाने बसला तो हलेना. आम्ही दोघेही रडलो, तेही नोंदवून ठेवते.

सबब कलम पाच रद्द. कलम चार कायम. धाकटा तो तुकडा आजच मागतो आहे, पण दार उघडे राहायला हवे, म्हणून मी गेल्यावरच मिळेल.

ठिकाण: लेथशेजारचे टेबल
दिनांक: चौदा मार्च, मंगळवार
लिहून ठेवणार: ताई (सही)
साक्षीदार: १. शेजारचे शिंपी (सही) २. धाकटा भाऊ (सही)

टीप: कागदावरचे काळे डाग बिडाच्या भुकटीचे असून ते दोघा भावंडांच्या बोटांचे आहेत. ती खाडाखोड समजू नये.