आधी गड्याच्या हातानं

ता. ३ फेब्रुवारी

ती. काकांना,

शि. सा. न. वि. वि.

नमस्कार वाकूनच केलाय. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात वाकून वाकून पाठ तशीच राहिली आहे, त्यामुळं वेगळे कष्ट पडले नाहीत.

तर, जागा बदलली. बोटी रंगवायचं काम सोडलं. काकू म्हणेल, भिंगरी कुठं टिकली आहे का. पण मी सोडलं नाही, मुकादमानंच मला सोडलं. आता लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हाताखाली आहे. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. तो दिवसात चार वाक्यं बोलतो, त्यातली तीन लिफ्टशी. खोली एका लाँड्रीच्या वर मिळाली आहे, फोनही खाली लाँड्रीतच, आला की तिथल्या बाई वर येऊन हाक मारतात. फळ्यांच्या फटीतून खालची वाफ वर येते, आणि सकाळी उठतो तेव्हा मला इस्त्री झालेली असते. हे लिहिता लिहिता आठवलं, तुमचा निळा सदरा माझ्याकडंच आहे, शोधू नका.

मुद्दा वेगळाच आहे. आमची लिफ्ट ज्या इमारतीत अडली आहे तिच्या तळमजल्यावर तंबाखूचं दुकान आहे. नवा पट्टा यायची वाट बघत पायऱ्यांवर बसलो होतो तर आतून तुमच्या कोटाचा वास आला. अगदी तोच. उठून आत गेलो आणि एक पाइप घेऊन बाहेर आलो. तंबाखू मात्र घेता आला नाही. काचेच्या बरण्याच बरण्या. पिवळा, तपकिरी, काळाकुट्ट. एक दोऱ्यासारखा कातरलेला, एक वड्या पाडल्यासारखा, एकाला केकचा वास. दुकानातल्या बाईंनी विचारलं काय हवंय, मी म्हटलं माझे काका ओढतात ते. कोणतं ते, तर मी म्हटलं तपकिरी. बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळल्या.

तुम्ही जन्मभर ओढताय. दाढी करायला, सायकलची चेन बसवायला, वेळापत्रक वाचायला तुम्हीच शिकवलंत, आता हेही सांगा. नवख्यानं कोणता घ्यावा, कसा भरावा.

आणि परवा फोनवर तुमचा आवाज मोरीत पाणी अडकल्यासारखा येत होता. तीस वर्षं स्टेशनवर गाड्या सांगणाऱ्या माणसाला हे शोभत नाही. दाखवून घ्या कुणाला तरी.

तुमचा लोभ आहेच, तो दाढीसारखा रोज थोडा वाढू द्या.

तुमचा,
भिंगरी

ता. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

पत्र पोचले. अक्षर अजूनही कोंबडीचेच आहे, पण कोंबडी जिवंत आहे हे कळून बरे वाटले.

तू आता पाइप ओढणार, ठीक आहे. तू मोठा झालास. मी नको म्हणणारा कोण? विचारलेसच म्हणून नीट सांगतो. नवख्याने मिळमिळीत काही घेऊ नये. बरण्यांत जो सर्वांत काळा आणि उग्र असेल तो माग. घेतल्याबरोबर ओलसर असतानाच भर, वाळू देऊ नकोस, वाळला की त्याचा जीव जातो. भरताना आधी गड्याच्या हाताने दाब, अगदी तळाशी, ठासून. मग वर हलक्या हाताने भर. पेटवलास की इंजिनासारखा ओढ, दमादमाने नव्हे. विझला तर पुन्हा पेटव आणि अजून जोराने ओढ. पहिले काही दिवस त्रास होईल. तो झालाच पाहिजे.

माझ्या घशाचे फार मनावर घेऊ नकोस. हवा बदलली की बसतो. डॉक्टरांकडे जाऊन आलो आहे, ते बघत आहेत. फोन मात्र करत जाऊ नकोस, लाँड्रीवाल्या बाईंना जिना चढउतार कशाला? पत्रच लिही. तेवढेच अक्षर सुधारेल.

काकू सदऱ्याबद्दल विचारत होती. मी तुझे नाव घेतले नाही.

लोभ आहे, तो पत्राच्या लांबीवर मोजू नये.

तुझा,
काका

ता. २१ फेब्रुवारी

ती. काकांना,

शि. सा. न. वि. वि.

काका, मी तुमच्यावर चिडलोय, हे आधी लिहून टाकतो, नाहीतर दुसरं काहीतरी लिहीत बसेन.

तुम्ही सांगितलंत तसंच सगळं केलं. सर्वांत काळा मागितला. बाईंनी चष्म्यावरून बघितलं पण दिला. ओलाच भरला, आधी गड्याच्या हातानं, इतका ठासला की काडीनं उकरावा लागला. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत बसून इंजिनासारखा ओढला. जिभेवर निखारा ठेवल्यासारखं झालं. मग उचकी लागली, मग भिंती फिरायला लागल्या, मग जे व्हायचं ते मिस्त्रीच्या हत्यारांच्या पेटीत झालं. मिस्त्रीनं त्या दिवशीचं चौथं वाक्य माझ्यावर खर्च केलं. तरी मी आठवडाभर तसाच ओढला. तुम्ही म्हणाला होतात ना, त्रास झालाच पाहिजे. मला वाटलं तुम्हालाही पहिल्यांदा असाच झाला असेल, तर आपणही काढावा.

शेवटी जीभ सोलवटली तेव्हा दुकानात गेलो. बाईंनी विचारलं, हे कुणी शिकवलं. मी म्हटलं काकांनी. तर त्यांनी विचारलं, तुमच्यात इस्टेटीचा काही वाद आहे का.

मग त्यांनी सांगितलं. नवख्यानं बर्ली नावाचा सौम्य तंबाखू घ्यावा, दाण्याच्या कुटासारखा वास येतो त्याला. केकच्या वासाचे ओले असतात, ते भाजतात. दोऱ्यासारखा कातरलेला बरा, चुरायला लागत नाही. कागदावर पसरून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाळवायचा. भरायचा तो आधी लेकराच्या हातानं, मग बाईच्या, आणि गड्याच्या हातानं सगळ्यात शेवटी. ओढायचा तर गरम दूध पितात तसा, घोट घोट. म्हणजे तुम्ही सांगितलंत त्यातली एकही गोष्ट चुकूनही बरोबर नव्हती.

आता मला तो आवडतो. संध्याकाळी खिडकीत बसतो, खालून वाफ येते, माझा धूर तिच्यात मिसळतो, आणि लाँड्रीवाल्या बाई ओरडतात की गिऱ्हाइकांच्या चादरींना वास लागला.

पण काका, तुम्ही मला कधी काही चुकीचं शिकवलं नाही. मग हेच का? तुमच्या पंगतीला मी बसायला नको होतं का? आणि दोनदा फोन केला, दोन्ही वेळा काकू म्हणाली तुम्ही आंघोळीला गेलाय. माणूस किती आंघोळ करतो?

लोभ तुमच्याकडंच ठेवा थोडे दिवस, उत्तर आलं की घेईन.

भिंगरी

ता. २६ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

अ. आ.

आंघोळीचं खोटं माझं होतं. ते फोनच्या शेजारीच बसले होते आणि हातानं नको नको करत होते. बोललेलं तुला कळलं नसतं, आणि कळलं असतं तर तू विचारलं असतंस.

घशात गाठ आहे. साधी नाही. येत्या बुधवारी स्वरयंत्र काढणार आहेत. गळ्याला भोक ठेवतात, श्वास तिथून घ्यायचा. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात, आवाज राहणार नाही. पुन्हा कधीच नाही. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा मी ह्यांच्या तंबाखूच्या वासाच्या कोटाकडं नुसतं बघितलं.

तुझं पाइपाचं पत्र आलं त्याच दिवशी दवाखान्यातनं निदान आलं होतं. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी होते. मी म्हटलं, सरळ लिहा की ओढू नकोस. तर म्हणाले, त्याला नको म्हटलेलं कधी चाललंय? आठव. पाण्याच्या टाकीवर चढू नको म्हटलं तर चढलास आणि हात मोडून घेतलास. तेव्हापासून आपल्या घरात तुला उलटं सांगायची रीत पडली. दूध पिऊ नको म्हटलं की तू प्यायचास. अभ्यास करू नको म्हटलं तेव्हा मात्र ऐकलंस. स्टेशनवर दिवसभर रूळ ओलांडू नये, दारात उभं राहू नये करणाऱ्या माणसानं घरात तुला पुन्हा नको म्हटलं नाही. त्यांनी ठरवलं, इतका वाईट पाइप ओढायला लावू की तूच फेकशील. पत्र लिहून झाल्यावर खूश होते. तुझं परवाचं आलं, तू शिकलास आणि तुला आवडतो हे वाचलं, आणि उठून मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले.

तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय. मला नको म्हटलेलंही चालत नाही, हे ते विसरले.

आवाज ऐकायचा असेल तर बुधवारच्या आत ये. वाटेत कुठं उतरू नकोस. हे उलटं सांगत नाहीये.

सदरा घेऊन ये.

काकू

ता. ३ मार्च, मंगळवार, जंक्शनवरून

ती. काकू,

सा. न.

उतरलो. रागावू नकोस, ऐक. गाडी बदलायला इथं उतरावंच लागतं. पलाटावरची सामानाची लिफ्ट अर्ध्यात अडकली होती, आत एक बाई आणि तिची तान्ही मुलगी. पोरगी रडत होती. मला आता एवढं एकच काम येतं. हातानं चाक फिरवून लिफ्ट खाली घेतली, बाई बाहेर आली, आणि माझी गाडी गेली.

पुढची दुपारी आहे, दिवेलागणीला पोचते. ही चिठ्ठी मधल्या मालगाडीच्या गार्डाकडं देतोय. त्याला काकांचं नुसतं काम सांगितलं तर म्हणाला, त्या आवाजावर आम्ही घड्याळं लावायचो. मी येतोय असं काकांना सांग. येत नाहीये असं सांगू नकोस.

जागेवरून हललेलो नाही. बाक घट्ट धरून बसलोय.

भिंगरी

ता. २० मार्च

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

घरी आलो. गळ्याला फडके बांधून पाटीवर लिहितो. काकूचे म्हणणे, लग्नानंतर प्रथमच तिचे वाक्य मधे न तुटता पूर्ण होते आहे. मी ओले फडके फेकून मारतो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आपण दवाखान्यात भेटलो ते चांगले झाले. तू मला गाड्या सांगायला लावत होतास, मी म्हणालो निवृत्त माणसाला कामाला लावू नये. खरे म्हणजे उरलेला आवाज दुसऱ्या कामासाठी राखला होता. तू तुझ्या तंबाखूचा डबा उघडून माझ्या नाकाशी धरलास. निवड चांगली आहे, असे मी म्हणालो ते खरेच होते. त्या बाईंना माझा नमस्कार सांग. वॉर्डात तंबाखू भरता येईना, म्हणून नर्सच्या ट्रेमधला कापूस घेऊन तुझा पाइप भरून दाखवला. लेकराच्या हाताने, बाईच्या हाताने, शेवटी गड्याच्या. तुला चुकीचे शिकवलेले तसेच राहून चालणार नव्हते.

आणि मग म्हणालो की आता ओढू नकोस. सरळ. टाकीनंतर पहिल्यांदा. तू खिडकीबाहेर बघत राहिलास. सकाळी ट्रॉली आली तेव्हाही विचारायचे होते, पण तुझा चेहरा बघून दुसरेच तोंडातून गेले.

मी जन्मभर ओढला. त्यातला आनंद मला माहीत आहे. तो नव्हता असे मी सांगणार नाही, तू ओळखशील. म्हणून मला बरे वाटेल असे काही लिहू नकोस. खरे काय ते लिही. रागवायला आता आवाजही नाही, पाटी फार लहान आहे.

लोभ आहे. तो पूर्वी मोठ्याने होता, आता हळू आहे, इतकेच.

तुझा,
काका

ता. २८ मार्च

ती. काकांना,

शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा सुरू केलं. एकदा मिस्त्रीबद्दल लिहीत सुटलो, एकदा लाँड्रीच्या मांजराबद्दल. दोन्ही फाडली.

ट्रॉली ऑपरेशनला नेताना तुम्ही त्या बसलेल्या आवाजात जे सांगितलंत, की ही गाडी यार्डात जात आहे, कृपया प्रवाशांनी बसू नये, त्यावर मी हसलो आणि नर्स माझ्यावर रागावली. ते मला अजून रोज ऐकू येतं. लिफ्टमध्ये माणसं कोंबून शिरतात तेव्हा मी तुमच्याच चालीत सांगतो, दारात उभं राहू नये. माणसं सरकतात. मिस्त्री म्हणाला, आवाज कुणाचा उचललास? मी म्हटलं, घरचा आहे.

आता खरं. डबा फेकलेला नाही. खिडकीत आहे. संध्याकाळी वाफ वर यायला लागली की हात तिकडं जातो, झाकण उघडतो, वास घेतो. परवा दुकानातही जाऊन आलो. बाईंना तुमचा नमस्कार सांगितला. त्यांनी एक नवी बरणी पुढं केली, माझ्यासारख्यासाठीच आलंय म्हणाल्या. मी बरणी हातात घेतली, परत ठेवली. घेतला नाही, पण उद्या घेणार नाही असं लिहून देत नाही. तुम्ही सरळ सांगितलंत म्हणून मला जास्तच अवघड जातंय. उलटं सांगितलं असतंत तर मला सवय होती.

पाइप उशाशी आहे. त्यात तुम्ही भरलेला कापूस आहे, गड्याच्या हातानं वरून दाबलेला. तो काढल्याशिवाय दुसरं काही भरता येत नाही.

अजून काढलेला नाही.

लोभ हळू असला तरी ऐकू येतो. तसाच येऊ द्या. सदरा काकूला दिला, पण तिनं तो परत माझ्याच पिशवीत घातलेला इथं येऊन सापडला.

तुमचा,
भिंगरी