छताला टांगलेले दोनशे पंचावन्न पत्ते

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली आहेत, गोड मानून घ्या.) मामींचा गुडघा कसा आहे? तुमचे पाय अजून धडधाकट आहेत असं आईकडून कळलं. गेल्या आठ दिवसांत आनंद झाला तो तेवढाच.

माझं मुळीच ठीक नाही. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं, आणि ही हकीकत निम्मी ऐकली तर मी शहाणा वाटण्याचा धोका आहे.

आमच्या ऑफिसात प्रत्येक खोलीच्या छताला बटणाएवढं एक यंत्र आहे. खोली किती तापली ते बिनतारी कळवायचं आणि एसीला हुकूम पोचवायचा, हे त्याचं काम. आत घड्याळातला असतो तसा सेल, आणि तो दहा वर्षं पुरवायचा. बोललं की सेल उतरतो, म्हणून यंत्राने मोजकंच बोलायचं. (आपल्या घरात कुणावरच गेलेली नाहीत ही यंत्रं.) पण कारखान्यातून आलेलं प्रत्येकाचं नाव सोळा अक्षरी! निम्मा सेल स्वतःची ओळख करून देण्यातच खलास. म्हणून छोटे पत्ते ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचे आकडे घेतले, कारण त्यापुढच्या आकड्याला यंत्रात दुप्पट जागा लागते. शून्य मुख्य पेटीला. शेवटचा दोनशे पंचावन्न कुणालाच द्यायचा नाही, कारण त्याचा अर्थ ‘सर्वांना’. उरले दोनशे चोपन्न, आणि आमच्या खोल्याही बरोबर दोनशे चोपन्न! मी इतका खूश झालो की वहीत त्याखाली दोन रेघा ओढल्या. चौतीस वर्षं टपाल वाटून तुम्ही मला एकच गोष्ट शिकवली होती, की पत्त्यात काटकसर करू नये, पोस्टमनच्या चपला झिजतात. मी म्हटलं, इथे पोस्टमन आहेच कुठे?

मग मोठ्या साहेबांनी स्टोअररूममध्ये पार्टिशन घालून स्वतःला विश्रांतीची खोली काढली. दोनशे पंचावन्नावी. साहेबांना नाही म्हणायची आपल्या घराण्यात रीत नाही. एकच आकडा मोकळा दिसत होता, तो देऊन टाकला. (देताना काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण जेवायची वेळ झाली होती.)

सोमवारी साहेबांना उकडलं. त्यांनी आपल्या खोलीपुरतं सोळा अंश केलं, आणि दहा मिनिटांत अख्खी इमारत कुडकुडायला लागली. स्वागतकक्षातल्या बाई हेल्मेट घालून फोन घेत होत्या. मी घाबरून साहेबांचं यंत्र तेवढं यादीतून काढायला गेलो. म्हणजे दोनशे पंचावन्नला हुकूम सोडला, तुझा पत्ता विसर. सगळीच यंत्रं विसरली. जन्मात पहिल्यांदा माझं कुणी ऐकलं, तेही एकजात सगळ्यांनी.

आता ती यंत्रं दिवसभर आपापली सोळा अक्षरं घोकताहेत. दहा वर्षांचं सोडाच, सेल दीड महिना निघाला तरी नशीब. कोणतं नाव कोणत्या खोलीतलं, ती यादी मी छोटे पत्ते दिल्यावर फाडून टाकली होती. तेव्हा शिडी लावायची, यंत्र काढायचं, पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायची, परत लावायचं. आठ दिवसांत एकवीस खोल्या झाल्या आणि कंबर गेली. महिनाअखेर सगळ्या झाल्या नाहीत तर साहेबांना माझा राजीनामा हवा आहे. मामा, काल शिडीवर बसून रडलो. आईला मात्र सांगितलंय की सध्या वरच्या पातळीवर काम करतो.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : चार दिवस याल का? दारोदार हिंडायला आणि किडमिडं अक्षर लावायला तुमच्याइतका तयार माणूस मला माहीत नाही. शिडीवर मी चढेन, तुम्ही खाली उभं राहून वाचा. झिजतील त्या चपला मी नव्या घेऊन देईन.

ता. ता. क. : नव्या घराचा तुम्ही दिलेला चार ओळींचा पत्ता मी तेव्हाच सुटसुटीत करून वहीत ‘मामा, पिवळं दार’ एवढाच उतरवला होता. परवा फोनवर पुन्हा विचारला, तर तुम्ही ‘मजेत आहोत’ म्हणालात. आईला विचारावं तर बिंग फुटेल. म्हणून पाकिटावर गावाचं नाव आणि तेवढंच लिहिलं आहे. पत्र भलत्याच घरी पडलं असेल तर वाचणाऱ्यांना हात जोडून विनंती, आपण कुणीही असा, मला मामाच. चष्मा घेऊन निघा.