आत एकालाच सोडतात

शनिवार, ४ मार्च. सकाळी.

आजपासून रोजनिशी. बाप होणारा माणूस शिस्तीचा हवा.

बायकोने होणाऱ्या आईबापांच्या वर्गात आमचं नाव घातलंय. दर शनिवारी सकाळी, हॉस्पिटलच्या मागच्या हॉलमध्ये. शनिवार हा माझा झोपेचा वार. पण त्याग हा पितृत्वाचा पाया आहे. (वाक्य माझंच. बरं जमलंय.)

निश्चय: एकही वर्ग बुडवायचा नाही.

त्याच दिवशी, दुपारी.

वर्ग घेणारी बाई निवृत्त नर्स. मी तिचं नाव हेडबाई ठेवलंय. आवाज असा की पोटातली पोरं सावधानमध्ये उभी राहात असतील. सगळ्या नवऱ्यांना ती सरसकट 'बाबा' म्हणते. चष्मेवाले बाबा, पुढचे बाबा. मी 'मागचे बाबा'.

हेडबाईंनी पहिल्याच दिवशी ठणकावलं की प्रसूतीच्या खोलीत आईबरोबर एकालाच सोडतात. कोणाला, ते आई ठरवणार. जो कोणी असेल त्याने इथे तिच्याबरोबर सराव करायचा, कारण ऐन वेळी माणूस नवं काही शिकत नाही, आधी शिकलेलंच विसरतो.

मग दिवे मंद करून चटईवर आडवं व्हायचं आणि खोल श्वास घ्यायचे. मी इतका खोल गेलो की मला हलवून वर काढावं लागलं. बायको म्हणते, घोरत होतास. दीर्घ श्वसन आणि घोरणं यातला फरक सामान्य माणसाला पटकन कळत नाही.

परतताना गाडीत ती म्हणाली, मला बाकी काही नको, तू आत असायला हवास. मला भीती वाटते. मी म्हटलं, अगं, हा काय विषय आहे? मी नाही तर कोण?

शनिवार, ११ मार्च.

आज बाहुली. आत वाळू भरलेली, खऱ्या बाळाएवढी जड. तिला डायपर लावायचा होता. मी लावलेला उलटा निघाला. पुढचं-मागचं सारखंच दिसतं, हा डिझाइनमधला दोष आहे, असं मी दाखवून दिलं. हेडबाई म्हणाल्या, बाबा, बाळाला पुढचं-मागचं आहे, तिकडे बघून लावा.

वर्गात एक वहीवाले बाबा आहेत. सगळं लिहून घेतात. मान डाव्या हाताने धरायची की उजव्या, असं विचारत होते. अशी माणसं शाळेतही पहिल्या बाकावर बसायची. पुढे आयुष्यात त्यांचं फारसं काही होत नाही. (आमचे साहेब सोडून.)

नंतर पाठीचं मालिश होतं. मोज्यात चेंडू घालून कंबरेवर फिरवायचा. तेवढ्यात साहेबांचा फोन आला म्हणून मी जिन्यात गेलो. परत आलो तर मालिश आटपलेलं. बायकोची पाठ हेडबाईंनीच चोळून दिली होती. हरकत नाही. चेंडू आहे, पाठ आहे. यात न कळण्यासारखं काय आहे?

शुक्रवार, १७ मार्च.

ऑफिसात ऑडिट. उद्या सगळ्यांनी यायचं, असं साहेब म्हणाले. मी नाही म्हणून पाहिलं. मनातल्या मनात, पण ठामपणे.

तोडगा काढला. उद्या वर्गाला माझ्या जागी आई जाईल. ऑफिसात नाही का आपण मीटिंगला कोणाला तरी पाठवून देत? माहिती घरात आल्याशी मतलब.

बायको आणि आई यांचे संबंध शेजारच्या दोन देशांसारखे. बोलणं गोड, सीमेवर फौज. बायको नुसती माझ्याकडे बघत राहिली. आई मात्र बोलली. म्हणाली, आमच्या वेळी कुठले रे क्लास? तरी झालासच ना तू! काय व्हायचं ते झालास.

शनिवार, १८ मार्च.

ऑडिटमध्ये दिवस गेला. पाय नुसते ओढत घरी आलो. दोघी भांडून आल्या असतील अशी अपेक्षा होती. तसं काही नव्हतं. आईला म्हटलं, काय काय शिकवलं ते थोडक्यात सांग. म्हणाली, थोडक्यात सांगण्यासारखं असतं तर बाईंनी थोडक्यातच नसतं का सांगितलं? मग तिने माझा एक जुना मोजा मागितला. दिला. सहकार्य करायला मी कधीच मागे नसतो.

शनिवार, २५ मार्च.

आज नक्की जाणार होतो. शर्टही काढून ठेवला होता. जाग आली तेव्हा घरात कोणी नाही. फोन केला तर बायको कुजबुजत म्हणाली, वर्ग सुरू झालाय, आई म्हणाल्या झोपू दे त्याला, दमलाय.

दमलोय हे खरंच आहे. हाडं दमली आहेत. सकाळी आरशात एक गृहस्थ दिसतात, त्यांना बसायला खुर्ची द्यावीशी वाटते. हेडबाईच म्हणतात की बाळ आलं की झोप विसरा. म्हणजे आत्ता झोपणं ही तयारीच झाली. परत झोपलो.

बुधवार, २९ मार्च. संध्याकाळी.

बायकोची कंबर धरली होती. मी आपणहून चेंडू घेऊन बसलो. ती म्हणाली, खाली. आणखी खाली. अरे, ते हाड आहे! मी म्हटलं, तू अंग सैल सोड. तिने अंग सोडलं नाही, श्वास सोडला.

आई स्वयंपाकघरातून ओले हात पुसत आली आणि माझ्या हातातून चेंडू घेतला. बायकोचे डोळे मिटले.  दोघींना बोलायची गरज पडत नसावी. मी तिथेच उभा राहून देखरेख केली.

चेंडू फिरवता फिरवता आई सांगू लागली. मी झालो तेव्हा तिच्याजवळ कोणी नव्हतं. नर्स ओरडत होती. माझ्या बाबांना हॉस्पिटलच्या फाटकापाशी कोणी ओळखीचा भेटला, त्याच्याशी गप्पा मारत राहिले. आई म्हणाली, कोणी काही करायला नको होतं गं, पाठीवर नुसता हात हवा होता.

मला हे आईने कधीच सांगितलं नव्हतं. बाबांच्या पिढीत जागरूकताच नव्हती. आपण फार पुढे आलो आहोत.

शनिवार, १ एप्रिल.

शेवटचा वर्ग. गेलो! पार्किंग मिळेना म्हणून थोडा उशीर झाला, पण गेलो. आज पूर्ण रंगीत तालीम होती. हॉलच्या मधोमध बायको ओणवी, मागे आई, आणि आई श्वास मोजतेय. हेडबाई सगळ्यांना म्हणत होत्या, बघा, या आजीबाई एक शब्द जास्तीचा बोलत नाहीत. माझी आई! जिने माझ्या लग्नात भटजींनाही सूचना केल्या होत्या!

मी विचारलं, मी काय करू? हेडबाईंनी हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, बाबा, ते दार वाऱ्याने आपटतंय, जरा धरता?

धरलं. एकदाही आपटू दिलं नाही.

आईचं कौतुक वाटलं. निवड कोणाची होती, हेही विसरता कामा नये.

शुक्रवार, १४ एप्रिल.

आता सूत्रं हातात घेतली. तीन रंगांत तक्ता करून फ्रिजवर लावला. मी: 'आत'. आई: 'बाहेर, पिशव्या'. शिवाय गाडी घेऊन हॉस्पिटलपर्यंत एक चक्करही मारून आलो. बायकोला नेलं नाही, उगीच दगदग.

बायको तक्त्यासमोर बराच वेळ उभी होती. मग तिने विचारलं, तुला खरंच यायचंय ना आत? मी म्हटलं, तक्ता बघ की. ती म्हणाली, तक्ता नको दाखवूस, रोज थोडा वेळ माझ्याजवळ बस. मी कशी श्वास घेते ते बघ. माझी पाठ कुठे दुखते ते बघ. एवढंच कर.

रास्त आहे. उद्यापासून रोज.

शनिवार, १५ एप्रिल.

राहिलं.

रविवार, १६ एप्रिल.

पाहुणे आले. राहिलं.

मंगळवार, १८ एप्रिल.

बसलो. ती श्वास घेत होती, मी मोजत होतो. मग कोणीतरी माझ्या अंगावर चादर घातली.

रविवार, २३ एप्रिल.

आज सासऱ्यांना फोनवर सगळी प्रक्रिया समजावून सांगितली. ते म्हणाले, तुम्ही असल्यावर आम्हाला काळजी नाही. सुजाण माणूस. बायको शेजारीच होती. उठून आईच्या खोलीत गेली.

गुरुवार, २७ एप्रिल. संध्याकाळी, हॉस्पिटलच्या बाकावर.

दुपारी आईचा फोन आला. मीटिंगमधून उठलो. साहेबांना न विचारता. याची इतिहासात नोंद व्हावी. घरी पोहोचलो, दोघींना गाडीत घातलं, हॉस्पिटलही गाठलं. गाडी मागच्या फाटकातून आत घेतली, कारण सवय त्याच फाटकाची. आई म्हणाली, अरे, आता क्लासला नाही जायचंय. वळसा घालून पुढे आलो. या सगळ्यात बायको नुसती श्वास घेत होती.

दारात नर्सने विचारलं, सोबत कोण? मी म्हटलं, मी.  बायकोने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. तेव्हा आईच म्हणाली, जा रे तू. तिला तूच हवा होतास. आणि पिशव्या उचलून बाकावर जाऊन बसली. तक्त्याप्रमाणे.

आत गेलो. बायको पलंगाचा कठडा धरून ओणवी होती. म्हणाली, पाठ. मी पाठीवर हात ठेवला. म्हणाली, तिथे नाही. मी विचारलं, मग कुठे? ती बोलू शकत नव्हती. मी म्हटलं, रिलॅक्स. पुन्हा म्हटलं, रिलॅक्स. मग तिला गरम होतंय का, पंखा वाढवू का, पाणी हवंय का, डॉक्टरांना बोलावू का, असं एकेक विचारत गेलो. कळ ओसरल्यावर तिने मान वळवली. चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. आपण परक्या माणसाला गैरसोयीबद्दल बोलतो ना, तशी ती हळू म्हणाली, आईंना पाठवतोस? तू बाहेर थांब. चालेल ना तुला?

चालेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बाहेर आलो. आई माझं तोंड बघून उठली.  हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि आत गेली.

योग्य निर्णय. कामाची योग्य विभागणी यालाच म्हणतात. बाहेरही कोणीतरी लागतंच. डॉक्टरांना काही हवं असलं, काही आणायचं असलं, तर.

अजून कोणी काही मागायला आलेलं नाही.

शुक्रवार, २८ एप्रिल.

मुलगी. दोघी छान. म्हणजे तिघी.

मुलीला हातात घेतलं. मान डाव्या हाताने धरायची की उजव्या, ते आठवेना. आईने माझा हात धरून बरोबर जागी ठेवला.

गुरुवार, ८ जून.

अपेक्षित होतंच! शनिवारी नव्या वर्गाशी बोलायला हेडबाईंनी मला बोलावलंय, बायकोकडे निरोप आला. आईला नाही, बायकोलाही नाही, मला. बायकोला दोनदा विचारून खात्री करून घेतली. म्हणाली, हो, तुलाच, अनुभव सांगायला. शेवटी योगदान दिसतंच लोकांना.

घरात सध्या कोणीच झोपत नाही. बायकोच्या डोळ्यांखाली काळं पडलंय, आईचे गुडघे सुजलेत, मी ऑफिसात उभ्याने डुलक्या घेतो. तरीही भाषण लिहून काढलं. विषय: 'नव्या काळाचा बाप'.

शनिवार, १० जून.

गेलो. वेळेवर. नवे बाबा ओळीने बसलेले. एक चटईवर पेंगतोय, एक सारखा फोन बघतोय. चांगली मुलं वाटली.

मी कागद उघडला. हेडबाई म्हणाल्या, कागद नको. मग सगळ्यांना म्हणाल्या, हे मागच्या बॅचचे बाबा. हे बाहेर होते. दर बॅचला मी एका बाहेरच्या बाबाला बोलावते. आतल्यांचे अनुभव तुम्हाला कुठेही मिळतील.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

हेडबाईंनी विचारलं, बाहेर काय ऐकू येतं ते सांगा या मुलांना.

भाषणात यावर काहीच नव्हतं. म्हणून आठवलं तसं सांगितलं. दार जाड आहे, फार काही ऐकू येत नाही. आईचा आवाज येत होता, एका लयीत. बायकोचा येत होता, तो सांगण्यासारखा नाही. मग जरा वेळ दोन्ही बंद झाले आणि त्यानंतर आत दोघी हसल्या. मोठ्याने, अगदी खळखळून. त्या हसण्यातच पोरगी रडायला लागली.

फोनवाल्याने फोन खिशात ठेवला आणि विचारलं, कशाला हसल्या?

मी म्हटलं, माहीत नाही. घरी खूपदा विचारलं. दोघी एकमेकींकडे बघतात आणि म्हणतात, काही नाही रे, तसं सांगता येणार नाही.

हेडबाईंनी पेंगणाऱ्याला उठवलं आणि मला म्हणाल्या, बाबा, हा झोपला होता. याच्यासाठी परत सांगा.

परत सांगितलं.