समुद्राला उगाच दोष

प्रिय गे-सुन,

तुझा मेसेज वाचला. तुझ्या बोरामला मुलगी होणार, आणि लेकीच्या बाळंतपणात सूप करायला तुला मी काढलेलं समुद्री शेवाळ हवंय. खाली लिहिलंस, "ताई, हल्ली कुकरची शिट्टी ऐकूच येत नाही गं. म्हातारी झाले!"

ती ओळ मी तीनदा वाचली. तू तर कधी गुडघाभर पाण्यातही उतरली नाहीस.

आपल्या जेजू बेटावर बुड्या मारणाऱ्या बायका बहिऱ्या व्हायच्याच. आजी झाली, आई झाली, मी झाले. "समुद्र कान खातो, एकीचे तरी राहू देत," म्हणत आईने तुला राजधानीत, सोल शहरात शाळेला धाडलं आणि मला पाण्यात ढकललं.

गेल्या महिन्यात साखर वाढली, कान आधीच गेलेले, म्हणून माझ्या रक्ताची जनुकीय तपासणी केली. मला ऐकू येत नाही, म्हणून डॉक्टरने कागदावर लिहून दिलं: "आजी, समुद्राला उगाच बदनाम केलंत. पेशीपेशीत शक्ती तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया असतात. ते फक्त आईकडून येतात. तुमच्या घरात दोष त्यांच्यातच आहे." माझे कान, माझी साखर, शेवटी आईचं आपली नावंसुद्धा विसरणं, सगळं त्यातलंच.

आईकडून तुला. तुझ्याकडून बोरामला. पुढे लिहायला हात धजत नाही.

आईने तुला जास्त दिलं म्हणून मी पन्नास वर्षं जळले. तिने तर दोघींना सारखंच वाटून दिलं होतं गं.

शेवाळ उद्या पाठवते. पार्सलात हे पत्र नसेल. तुझ्या मेसेजला मघाशीच उत्तर टाकलंय: "हो गं, वयच झालं आपलं."

तुझी ताई,
दोक-ह्वा