पोकॉकसाहेब शनिवारी गॅरेज पाहायला येणार

ब्रिस्टल,
रविवार, ३० सप्टेंबर २००७

ती. शशिधरदादांना जयंतचा वाकून नमस्कार (गुडघा जेवढं वाकू देतो तेवढाच).

डोळ्याचं ऑपरेशन उत्तम झाल्याचं अनुराधावहिनींनी सांगितलं. आता तुम्हाला बसचा नंबर लांबून दिसतो आणि घरातली जळमटंही दिसायला लागली आहेत, असं त्या जरा खिन्नपणे म्हणाल्या. थेंब दिवसातून चार वेळा घालायचे, आठवण होईल तेव्हा नव्हे. (मी जन्मभर भूल देणारा डॉक्टर होतो, डोळ्यांचा नव्हे, पण एवढं मलाही कळतं.)

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. आमचा फोन हॉलमध्ये आहे, आणि तुमची बहीण नंदाही बहुतेक वेळ हॉलमध्येच असते.

दादा, साखर कारखान्याच्या कॉलनीतला तो करडा फर्गसन ट्रॅक्टर तुम्हाला आठवतच असेल. १९५६ साल. तुम्ही बारा वर्षांचे, मी नऊ. ड्रायव्हरने तुम्हाला उचलून सीटवर बसवलं आणि मला म्हणाला, तू लहान आहेस, बाजूला हो. तुम्ही चिंचेच्या झाडाला वळसा घालून दिसेनासे झालात. मी तिथेच धूळ खात उभा राहिलो. पुढे मी एमबीबीएस झालो, या देशात आलो, तुमच्याच बहिणीशी लग्न केलं, एकतीस वर्षं लोकांना झोपवून परत उठवलं. पण त्या सीटवर काही बसलो नाही. जूनमध्ये रिटायर होणार हे ठरल्यावर इथले सहकारी गोल्फचं विचारू लागले, तेव्हा मला एकदम कळलं की मला काय हवंय.

एप्रिलमध्ये स्थानिक पेपरात जाहिरात दिसली. फर्गसन, १९५२ चा, एकच मालक, कायम छपराखाली. मेंडिपच्या टेकड्यांच्या पायथ्याशी एका फार्मवर. मालविका मला घेऊन गेली. (तुमची भाची आता सॉलिसिटर झाली आहे, त्यामुळे गाडीत माझं तोंड बंद असतं.) मालक मिस्टर पोकॉक, वय अठ्ठ्याहत्तर, ओव्हरॉल्सची बटणं गळ्यापर्यंत. त्यांनी शेडचं दार उघडलं आणि दादा, तो आत उभा होता. अगदी तोच. मूळचा रंग, टूलबॉक्समध्ये मूळचा पाना, आणि दर हिवाळ्यात रेडिएटरमधलं पाणी कधी काढलं त्याच्या तारखा पेन्सिलीने भिंतीवर. गिअरचा दांडा ‘एस’वर नेला की स्टार्टर लागतो. त्यांनी तो नेला, आणि पंचावन्न वर्षांचं ते इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. मी पुढे होऊन बॉनेटवर हात ठेवला. मालविकासुद्धा तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, “बाबा, हा किती गोड दिसते!”

आता यापुढे जे झालं त्याला आपले संस्कार जबाबदार आहेत. वस्तू आवडली आहे हे विकणाऱ्याला कळू द्यायचं नाही, हे आपण मंडईत आईच्या पिशवीला धरून शिकलो. तोंड वाईट करायचं, वांग्यात कीड शोधायची, दोन पावलं परत फिरायचं. मी तोंड वाईट केलं. म्हटलं, टायरना चिरा दिसतात. सीटची स्प्रिंग कुरकुरते. मडगार्डचा रंग उडालाय. गिअरबॉक्सखाली तेलाचा थेंब आहे. स्टिअरिंग ढिलं वाटतं. (स्टिअरिंगला मी हातही लावला नव्हता.) पोकॉकसाहेब एकेक मुद्दा कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून घेत होते. गडी नरमला, असं समजून मी आणखी दोन दोष रचले आणि भाव उतरायची वाट पाहत उभा राहिलो.

ते बराच वेळ कागद वाचत राहिले. मग म्हणाले, “यू आर क्वाइट राइट, डॉक्टर. अशा अवस्थेत हा कुणाला विकणं मला शोभणार नाही.” आणि ट्रॅक्टरवर ताडपत्री ओढली.

मी हबकलोच. म्हटलं, नाही हो, तसा छान आहे, मला आवडलाय, आहे त्या किमतीला आत्ता चेक देतो. त्यावर ते माझा खांदा थोपटून म्हणाले, तुम्ही फार सभ्य गृहस्थ आहात, मला वाईट वाटू नये म्हणून बोलताय. परतीच्या वाटेवर मालविकाने पंधरा मैल गाडी हाकली. मग म्हणाली, “बाबा, यू इन्सल्टेड हिज ट्रॅक्टर. आणि तो तुम्हाला थँक यू म्हणाला.”

त्यानंतर पाच महिने मी नंदा बाजारात गेली की फोन करत होतो. मेमध्ये सीट लोहाराकडे होती. जुलैमध्ये टायर आले. स्टिअरिंग त्यांनी सगळं उघडून पाहिलं, त्यात काहीच दोष सापडला नाही, म्हणून आणखी तीन आठवडे शोधत राहिले. माझी मान खाली गेली, पण फोनवर ती दिसत नाही. अखेर परवा म्हणाले, ट्रॅक्टर तयार आहे, किंमत तीच. फक्त आता तो राहणार कुठे ते मला एकदा पाहायचंय. शनिवारी येतो. म्हणजे साठाव्या वर्षी मला दाखवून घ्यायचं आहे, आणि चहाचा ट्रे घेऊन मीच बाहेर यायचं आहे.

नंदाला मी, बागेच्या उपयोगाचं एक जुनं यंत्र पाहतोय, एवढंच सांगितलं आहे. या वाक्यात एकही शब्द खोटा नाही.

बाकी सर्व ठीक. तुमच्या वडीलकीचा हात माझ्या डोक्यावर आहेच. या आठवड्यात तो जरा जोर देऊन ठेवावा.

तुमचा,
जयंत

ता. क. आमच्या गॅरेजमध्ये मंडळाच्या गणपतीचं मखर, चाळीस घडीच्या खुर्च्या आणि दोन मोठी पातेली आहेत. नंदा एकोणीस वर्षं मंडळाची सेक्रेटरी आहे, तेव्हा त्यांना मी हात लावू शकत नाही. तुम्ही गुरुवारपर्यंत तिला फोन करून, तुमच्या इल्फर्डच्या मंडळाला दिवाळीसाठी हे सगळं हवंय, असं सांगाल का? दिवाळीत मखर कशाला, असं ती विचारेल. लक्ष्मीपूजनाला म्हणा. व्हॅन मी पाठवतो. तुमचा शब्द ती मोडत नाही. माझा शब्द तिच्यापर्यंत पोचतच नाही.

ता. क. २ (सोमवार). वरच्या मजकुराकडे दुर्लक्ष करावं. मी स्टॅम्प आणायला गेलो तेवढ्यात पोकॉकसाहेबांचा फोन आला आणि नंदाने उचलला. चाळीस मिनिटं बोलणं झालं. तिने त्यांना सांगितलं की बत्तीस वर्षांच्या संसारात मी नळाचा एक वॉशर बदललेला नाही, लॉनमोअरमध्ये भलतंच तेल घालून तो एका उन्हाळ्यात संपवला, आणि सायकल पावसात ठेवतो. हे ती ट्रॅक्टर टळावा म्हणून बोलली की नुसतं सवयीने, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही. पोकॉकसाहेबांनी सगळं पेन्सिलीने लिहून घेतलं. त्यांच्या मते डॉक्टर आहे त्या अवस्थेत ट्रॅक्टर सोपवण्याजोगा नाही, पण दुरुस्त होण्यासारखा आहे. म्हणून मार्चपर्यंत दर शनिवारी मी फार्मवर जाऊन तेलपाणी शिकायचं, मग ते ठरवतील. नंदाने तत्काळ होकार दिला. शनिवारी मंडळाची मीटिंग आमच्या घरी असते आणि मी मधे येतो. मखर आहे तिथेच राहील. तुमचे जुने रबरी बूट नऊ नंबरचे असतील तर तेवढे पाठवा.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना नंदा येऊन सांगून गेली की १९५६ साली चिंचेच्या पलीकडे ट्रॅक्टर थांबवून ड्रायव्हरने तुम्हाला खाली उतरवलं होतं, कारण तुम्ही मोठ्याने रडत होतात, आणि तिने तुम्हाला हाताला धरून मागच्या गल्लीने घरी आणलं. तेव्हा ती सात वर्षांची होती. मी एकावन्न वर्षं तुमचा हेवा करत आलोय, दादा. हे खरं असेल तर कृपया कळवू नका. बूट मात्र शुक्रवारच्या आत यावेत.