पाचव्या प्रश्नापुढच्या सात ओळी

३ नोव्हेंबर

वहिनीस,

नमस्कार. घरी सगळे बरे असतील असं धरून चालते. थंडी पडली की आईचा गुडघा आणि दादाचा खोकला दोन्ही उचल खातात, तेवढं बघ. मी ठणठणीत आहे. अक्षर ओळखीचं वाटणार नाही, कारण हे डाव्या हाताचं आहे. चार वर्षांत त्याला बरं वळण लागलंय.

तू नगरपालिकेला उभी आहेस हे मला भिंतीवरच्या पोस्टरवरून कळलं. घरच्या माणसाची बातमी भिंतीनं द्यावी, असो. 'कष्टकरी बायकांचा हक्काचा आवाज.' फोटो छान आलाय.

लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. आमचा बायकांचा गट दर निवडणुकीत उमेदवारांचं तुलनापत्रक काढतो, हे तुला ठाऊक आहे. सगळ्यांना तेच पाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं शेजारी शेजारी छापायची, म्हणजे लोकांनी तोंड बघून नाही, काम बघून मत द्यावं. गटातल्या निवृत्त शिक्षिका, आमच्या बाई, आतापर्यंत ते लिहायच्या. यंदा त्यांचे डोळे दुखतात म्हणून काम माझ्याकडे आलंय.

तुझी उत्तरं मिळाली. घरभाडं, पाळणाघर, मोफत दवाखाना, सफाई कामगारांची कायम नोकरी, या चारही प्रश्नांवर तू तिघांत सरस आहेस, त्या औषधाच्या दुकानवाल्यापेक्षाही. हे मी तसंच लिहिणार आहे. तुझं काम मी कधी नाकारलं नाही.

पाचवा प्रश्न होता कामाच्या जागी सुरक्षिततेसाठी तुम्ही काय केलंत. त्यापुढे तू लिहिलंस, 'कामगारांच्या सुरक्षेसाठी मी सदैव लढले.'

सदैव?

हॉस्पिटलच्या धुलाईघरात मीच तुला चिकटवलं. दादाला तुझं स्थळ मीच सुचवलं. चादरींच्या इस्त्रीच्या रोलरपुढची जाळी सुपरवायझरनं काढायला लावली, कारण जाळी असली की काम सावकाश होतं, हे आपण चौदाजणींना माहीत होतं. माझा हात आत गेला तेव्हा मशीन बंद करणारी तू होतीस. ते मी विसरलेले नाही. पण चौकशीत आपल्या सगळ्याजणींची प्रतिनिधी म्हणून उभी राहून 'जाळी होती, घाईत तिनंच काढली असेल' म्हणणारीही तूच होतीस. माझी दोन बोटं गेली, वर निष्काळजी म्हणून नोकरी गेली. महिन्याभरात तू कायम झालीस. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

आठवडाभर थांबते. पाचवं उत्तर बदलायचं असेल तर बदल. नाहीतर मी लिहीन.

तुझी नणंद


२५ नोव्हेंबर

वहिनी,

पत्र पोचलं होतं, हे मला आईच्या शेजारणीकडून कळलं. तू उत्तर दिलं नाहीस. मग मी लिहिलं.

चार प्रश्नांपुढे तुझ्या बाजूची एकेक ओळ. पाचव्यापुढे सात ओळी. चौकशीची तारीख, तुझं म्हणणं शब्दाला शब्द, आणि जाळी नव्हती असं सांगायला तयार असलेल्या दोघींचा जबाब. एक अक्षर खोटं नाही. पत्रक प्रत्येक दारात गेलं. मी स्वतः पाच इमारतींचे जिने चढले. पोहण्याच्या तलावाच्या तिकीट खिडकीवर दिवसभर बसून माझे पाय आखडतात, पण त्या दिवशी मला दम लागला नाही.

बासष्ट मतांनी पडलीस.

निकाल लागला तेव्हा मी खिडकीवर होते. एका बाईनं तिकीट घेता घेता सांगितलं, "औषधवाले आले निवडून." मी तिला सुट्टे पैसे दोनदा दिले. ती प्रामाणिक, तिनं परत केले.

काल दादा आला होता. चार वर्षांत पहिल्यांदा. उंबऱ्यावरच उभा राहिला.

"समाधान झालं?" म्हणाला.

"झालं," म्हटलं. "खोटं कशाला बोलू?"

"ती तेव्हा पोटुशी होती. मी घरी बसलो होतो. तिनं काय करायला हवं होतं?"

"गप्प बसायचं. गप्प बसली असती तरी मी माफ केलं असतं."

तो पाणीसुद्धा न घेता गेला. जाताना एवढंच म्हणाला, "औषधवाल्याच्या नावापुढे मात्र फार सांभाळून लिहिलंयस."

मी म्हटलं, जेवढी माहिती होती तेवढी लिहिली. दगडापेक्षा वीट मऊ. म्हाताऱ्यांसाठी दुकानाबाहेर खुर्च्या ठेवणारा माणूस आहे, काही गिळणार नाही वॉर्डाला.

तुला आता कसं वाटतं ते कळव. नको, कळवू नकोस. मला अंदाज आहे. सगळ्यांसमोर आपल्याबद्दल काहीतरी वाचलं जातं आणि आपल्याला बोलू देत नाहीत, तेव्हा कसं वाटतं ते मला तोंडपाठ आहे.

तुझी नणंद


१९ जानेवारी

वहिनी,

तब्येतपाण्याचं विचारत नाही. आईनं सगळं सांगितलं.

ती माझ्याकडे आली होती. एकटी, चालत, त्या गुडघ्यांनिशी. तलावाच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिली. पुढची माणसं सरकली आणि समोर आई. रक्तदाबाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट तिनं काचेखालून आत सरकवलं.

"दवाखान्याला कुलूप आहे," म्हणाली. "इमारत कुठल्या लॅबला भाड्यानं दिली म्हणे. सही त्या औषधवाल्याची."

मी म्हटलं, "बस आधी."

"बसायला नाही आले. तुझा कागद मी चष्मा लावून दोनदा वाचला होता. हिच्याबद्दल सात ओळी. आणि त्याच्या नावासमोर दवाखान्याच्या प्रश्नाला काय? 'भूमिका स्पष्ट नाही.' तुम्हा दोघींच्या भांडणात माझा दवाखाना गेला गं."

मागे रांग खोळंबली होती. मी तिकिटं फाडत राहिले.

आता जे मी तुला दोन पत्रांत लिहिलं नाही ते लिहिते. औषधवाल्याची भूमिका स्पष्ट होती. गेल्या वर्षी नगरपालिकेच्या आरोग्य समितीत नेमलेला सदस्य म्हणून त्यानंच तो ठराव मांडला होता. मोफत दवाखाना बंद करायचा आणि इमारत भाड्यानं द्यायची. बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत बाईंनी मिळवली होती आणि पत्रक छापायला जायच्या चार दिवस आधी माझ्या हातात ठेवली होती. मी ती वाचली. ती छापली असती तर लोक पुन्हा तुझ्याकडे वळले असते. तुझ्या सात ओळी विसरून दवाखान्यासाठी तुला मत दिलं असतं. आणि बरोबरच केलं असतं.

प्रत मी वर्तमानपत्रांच्या रद्दीत घातली.

दवाखाना बंद झाल्यावर बाईंनी विचारलं, "अगं, मी ते इतिवृत्त दिलं होतं ना तुला?" मी म्हटलं, "उशिरा मिळालं, बाई. छपाई झाली होती." वाक्य इतकं गुळगुळीत आलं की माझं मलाच नवल वाटलं. बाईंनी चष्मा पुसला आणि विषय सोडला. म्हणजे त्यांनी विश्वास ठेवला. त्या रात्री मला झोप आली नाही असं लिहिणार होते, पण आली. सकाळी दात घासताना मात्र तोंडात तुझंच वाक्य घोळायला लागलं. जाळी होती, घाईत तिनंच काढली असेल. इतकंच सोपं गेलं असेल तुला.

परवाच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. शिवणकाम करणारी एकजण उठूनच गेली. तिचं दोन वर्षांचं पोर त्याच दवाखान्यात जायचं. बाईंनी समोरचे कागद ओढून घेतले. मग म्हणाल्या, "पेन इकडे दे." दिलं.

औषधवाल्याची भूक एवढ्यावर भागलेली नाही. मार्चमध्ये राज्याच्या निवडणुकीला तो विधानसभेसाठी उभा राहतोय. त्याच्यासमोर सफाई कामगारांची एक वकीलबाई आहे. पत्रक आता बाई लिहिणार. त्यात पहिली ओळ अशी असेल की मागच्या वेळी ही माहिती आमच्याकडे असूनही आम्ही दिली नाही, आणि ती कुणी दाबली. माझं नाव छापा असं मीच सांगितलं.

म्हणजे आता माझ्याविरुद्ध बोलायला तुझ्याजवळ काही उरलं नाही. समजलं? मी माझं ओकले. तुझं अजून पोटातच आहे.

धुलाईघरात त्या रोलरवर अजून जाळी नाही आणि आज तिथली सुपरवायझर तू आहेस. गेल्या आठवड्यात एका नव्या मुलीची बाही ओढली गेली, हेही मला कळलंय. रविवारी सकाळी दहा वाजता गटाची सभा आहे. कामगार खात्याचे अधिकारी येणार आहेत, मीच अर्ज देऊन बोलावलंय. ये आणि सांग. माफी मागू नकोस, ती मला नको आहे, आणि मी देणारही नाही. साक्ष दे.

नाही आलीस तर तुझ्या नावाची रिकामी खुर्ची मी पहिल्या रांगेत ठेवीन.

नणंद


२ मार्च

वहिनी,

तू आलीस. शेवटच्या रांगेत बसलीस, मग पुढे आलीस, आणि आवाज न चढवता म्हणालीस, "जाळी नव्हती. मला माहीत होतं. मी खोटं बोलले." दादा दाराशी उभा होता, त्यानं मान खाली घातली.

मी चार वर्षं त्या वाक्यासाठी जगले. ते बोलताना मी तुला डोळे भरून पाहिलं, एकदाही नजर वळवली नाही. गोड लागलं. हे तुला कळावं म्हणून लिहिते.

रोलरवर जाळी बसली. त्याच आठवड्यात तुला कामावरून काढलं. बातमी ऐकून मला बरं वाटलं. पुरते दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी आई, मी आता विकत आणून ठेवते त्या गोळ्या न्यायला आली आणि म्हणाली, "ती सकाळी डबा भरते आणि मग आठवतं तिला." त्यानंतर तेवढं बरं वाटेना. पण वाईट वाटतं असंही लिहिणार नाही.

नवीन पत्रक छापून आलंय. औषधवाल्याच्या नावासमोर या वेळी एकही रकाना रिकामा नाही. ते वाचून त्यानं दुकानाबाहेरच्या खुर्च्या आत घेतल्या. म्हातारे आता पायरीवर बसतात आणि बसल्या बसल्या पत्रक वाचतात.

त्या माणसाला पाडायचं आहे. मी त्याला निवडून आणलं, तू गप्प राहून मला ते करू दिलंस. वॉर्डातली दारं तुझ्याइतकी कुणाला माहीत नाहीत आणि लोकांनी तुझं खरं बोलणं ऐकलंय. सोमवारी सकाळी नऊ वाजता तलावाच्या फाटकाशी ये. रस्त्याच्या डाव्या बाजूच्या इमारती तुझ्या, उजव्या माझ्या. बरोबर चालायचं नाही, बोलायचं नाही, संपलं की आपापल्या घरी जायचं.

पायात चांगल्या चपला घाल. जिने खूप आहेत.

माफ न करता वाट बघणारी,
तुझी नणंद